समाचाराला कोण येणार

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न मी कोणीही भेटलं की पाच मिनिटांच्या आत विचारते. इंग्लंडमध्ये अर्धं आयुष्य गेलं तरी ही खोड गेलेली नाही. इथे हा प्रश्न लोकांना टोचतो, हे मला ठाऊक आहे. लंडनला एजवेअरच्या बसस्टॉपवर एका गोऱ्या म्हातारीने मला तो विचारला होता, तेव्हा मीही तिला फटकारलं होतं. पण आपला माणूस विचारतो तेव्हा त्यात खोच नसते. गाव कळलं की माणूस कळल्यासारखा वाटतो, एवढंच. म्हणून कॉव्हेंट्रीच्या आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत ती नवीन लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी किटलीत पाणी भरता भरता मी तिला विचारून टाकलं.

ती म्हणाली, "उत्तर छोटं हवंय की खरं?"

मी म्हटलं, खरं. त्या दिवशी आमचा दोघींचा लंच ब्रेक संपला तरी उत्तर संपलं नव्हतं.

तिचं गाव गोलानच्या पठारावर. बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याशी, सफरचंदांच्या बागांमधलं. माणसं अरब, द्रूझ पंथाची. सदुसष्टच्या लढाईआधी गाव सीरियात होतं, लढाईनंतर इस्रायलच्या ताब्यात गेलं. तिचे वडील तेव्हा शाळकरी पोर होते. पुढे काही वर्षांनी इस्रायलने सांगितलं, हा मुलूख आता कायमचा आमचा, तुम्ही आमचे नागरिक व्हा. गावाने नकार दिला. वाटलेली ओळखपत्रं परत नेऊन टाकली, संप केला, आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी एक नियम घातला: जो ते नागरिकत्व घेईल त्याच्याकडे लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही.

"आमच्याकडे याला शब्द आहे," मी म्हटलं. "वाळीत टाकणं."

"वाळीत," ती म्हणाली. तिला 'ळ' पहिल्या झटक्यात जमला. आमच्या मराठी मंडळातल्या इथे जन्मलेल्या पोरांना तो अजून जमत नाही.

तिच्या सख्ख्या काकाने नागरिकत्व घेतलं होतं. दोन्ही भावांच्या घरांना भिंत एकच. काका वारले त्या दिवशी तिचे वडील बागेत जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत. पुढेही कधी त्या घराची पायरी चढले नाहीत. स्वतःच्या भावाला खांदा दिला नाही, आणि ही गोष्ट ते अभिमानाने सांगायचे. ती हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात अभिमान होता की राग, हे मला कळलं नाही. नंतर कळलं की तिलाही ते कळत नाही.

मी बेळगावची. म्हणजे कागदोपत्री कर्नाटकातली आणि घरात, दुकानात, स्वप्नात मराठी. माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानावरच्या मराठी पाटीला कोणीतरी डांबर फासायचं, वडील ती रॉकेलने पुसायचे, महिन्याभरात पुन्हा डांबर. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, ते दंडाला काळी फीत बांधून मोर्चात जायचे आणि आई दिवसभर दाराकडे बघत बसायची. हे तिला सांगताना मला संकोच वाटला. आमच्याकडे रणगाडे आले नव्हते, घरं पडली नव्हती, पाटीवरच्या अक्षरांचं भांडण ते. पण तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझ्या वडिलांनी दुसऱ्या भाषेतली पाटी लावली का शेवटी?" मी म्हटलं, नाही. "माझ्या वडिलांना आवडले असते ते," ती म्हणाली. आमची मैत्री झाली ती तिथे.

तिच्याशी मी इंग्रजीतच बोलते, ती अरबी लयीचं इंग्रजी बोलते आणि मी बेळगावी. इथे लिहिताना मात्र तिचं बोलणं मराठीत येतं आहे, कारण माझ्या डोक्यात ते तसंच उमटलेलं आहे.

तिच्या वडिलांबद्दल मी इतकं ऐकलं होतं की ते माझ्याही ओळखीचे झाले होते. त्यांची एक बहीण लग्न होऊन सीमेपलीकडे गेली, ती परत येऊ शकली नाही. मधल्या दरीच्या एका काठावर हे कर्णा घेऊन उभे राहायचे, दुसऱ्या काठावर ती, आणि सगळ्या गावादेखत ओरडून ओरडून विचारायचे, सांधेदुखी कशी आहे, पोराची परीक्षा झाली का. त्यांच्या प्रवासाच्या कागदावर राष्ट्रीयत्वाच्या जागी 'अनडिफाइन्ड' असं छापलेलं होतं. मुलीच्याही तेच. हीथ्रोवरच्या अधिकाऱ्याने तिला म्हणे विचारलं होतं, "हे काय असतं?" तर ही म्हणाली, "ते तुम्हीच सांगा, हा शब्द तुमच्या भाषेतला आहे."

त्यांच्या लेखी दमास्कस म्हणजे मायदेश, आणि दमास्कसच्या गादीवर बसलेला माणूस म्हणजे तो मायदेश परत आणून देणारा. आधी बाप, मग मुलगा. बैठकीच्या खोलीत त्या राष्ट्राध्यक्षाचा फोटो होता. मुलीला त्यांनी फार्मसी शिकायला दमास्कसला पाठवलं, आणि तिथेच तिने त्या राष्ट्राध्यक्षाचे पोलीस पाहिले. तिच्या वर्गातली एक मुलगी एका विनोदापायी गायब झाली. मग सीरियात युद्ध पेटलं, आणि पठारावरचं तिचं गाव घराघरांत दुभंगलं. तरुण पोरं म्हणायची, असल्या खुन्याचे आम्ही कशाला गोडवे गावेत? वडील म्हणायचे, आज तुम्ही त्याला शिव्या घाला, उद्या इस्रायल विचारेल की जमीन परत द्यायची तर कोणाला द्यायची? ही इथून फोनवर भांडायची. वर्षानुवर्षं, दर शुक्रवारी. मी फार्मसीच्या मागच्या दारात तिचा चढलेला आवाज ऐकायचे आणि आत आल्यावर काही न विचारता बिस्किटांचा डबा पुढे करायचे.

मग तो राष्ट्राध्यक्ष पळून गेला. झेंडा बदलला. कॉव्हेंट्रीतल्या सीरियन लोकांनी चौकात जाऊन नाच केला, तीही गेली होती, मीही तिच्याबरोबर टाळ्या वाजवल्या. वडिलांनी फोटो भिंतीवरून काढला नाही. "माणूस गेला, खिळा माझा आहे," असं ते तिला म्हणाले. त्यानंतर पठारावरची बरीच माणसं निमूट इस्रायलचं नागरिकत्व घ्यायला लागली. आता कोणाकडे परत जायचं, असं म्हणून. वडिलांनी तेही घेतलं नाही. आणि एका सकाळी ते बागेत गेले आणि तिथेच गेले.

त्या आठवड्यात तिकडची विमानं बंद होती. दफन त्याच दिवशी झालंसुद्धा. ती दुसऱ्या दिवशी कामावर आली, नेहमीसारखी गोळ्या मोजत बसली, आणि दुपारी मला म्हणाली, "मला लोक बसवायचे आहेत." त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी घरचे बसतात, लोक येतात, कडू कॉफी पितात, दोन शब्द बोलून जातात. इकडे तिचं घर म्हणजे एका दुकानावरचा फ्लॅट, त्यात चार माणसं आली तर पाचव्याने जिन्यात उभं राहायचं. मी म्हटलं, रविवारी कम्युनिटी सेंटरचा हॉल आमच्या मराठी मंडळाकडे असतो, मी तिथे पोरांचा मराठीचा क्लास घेते. या रविवारी क्लास नाही. हॉल तुझा.

तिने कॉव्हेंट्रीतल्या अरबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. तासाभरात पंचवीस जणांचे शोकसंदेश आले. मग कोणीतरी एक जुना फोटो टाकला. तिच्या गावातला मोर्चा, आणि पहिल्या रांगेत तिचे वडील, दोन्ही हातांनी त्या राष्ट्राध्यक्षाची तसबीर उंच धरून. त्याखाली लिहिलं होतं की ज्याला या माणसासाठी बसायचं असेल त्याने आमच्या घरी पुन्हा येऊ नये. त्यानंतर ग्रुप चिडीचूप. भात घेऊन येते म्हणालेल्या बाईची तब्येत बिघडली. खुर्च्या लावायला येणाऱ्या दोघांना काम निघालं.

तिच्या भीतीचं कारण तिने मला सांगायची गरज नव्हती, पण तिने सांगितलं. "वडिलांनी काकाच्या बाबतीत जे केलं तेच आता त्यांच्या बाबतीत होतंय. रास्तच होतंय, असंही म्हणता येईल. पण त्या रिकाम्या हॉलमध्ये ते बसणार नाहीत, मी बसणार आहे."

ग्रुपमधल्या एका शहाण्याने तडजोडही सुचवली. तू फक्त एवढं लिही की वडिलांशी माझा संबंध नाही, मग आम्ही सगळे येतो. तिने मला तो मेसेज दाखवला आणि विचारलं, "तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, मी आधी फोन भिंतीवर फेकला असता. ती म्हणाली, "मी वाद घालायचे ते वडिलांशी. यांच्याकडून चार खुर्च्या भरून घेण्यासाठी मी बाप सोडून देणार नाही." आणि तिने उत्तर न देता फोन पर्समध्ये टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. हे निवृत्त सर्जन, अत्यंत सज्जन, आणि सज्जनपणाला जो एक भित्रेपणा चिकटतो तोही त्यांच्याकडे भरपूर.

"अहो, मी ऐकलं ते खरं का? रविवारी हॉलमध्ये कोणा अरबांचा कार्यक्रम आहे?"

"कार्यक्रम नाही. माझ्या मैत्रिणीचे वडील गेलेत."

"हो हो, व्हेरी सॅड. पण कोणीतरी मला तो फोटो फॉरवर्ड केलाय. आपलं मंडळ नॉन-पॉलिटिकल आहे, कॉन्स्टिट्यूशनमध्येच आहे तसं. उद्या कौन्सिलला कोणी कम्प्लेंट केली तर? त्या लोकांचं भांडण आपल्या दारात कशाला?"

माझं डोकं फिरलं. "गणपतीला तुम्ही खासदाराला बोलावता, त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढता, इलेक्शनच्या वर्षी तर दोन पार्ट्यांचे दोन बोलावता. तेव्हा कुठे असतं तुमचं कॉन्स्टिट्यूशन?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"ते पॉझिटिव्ह असतं," ते म्हणाले. खरंच असं म्हणाले.

"हे बघा," मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या मयताला शेजारचे कानडी बोलणारे सगळे आले होते. ज्यांच्या पोरांनी आमच्या पाटीला डांबर फासलं असेल, तेसुद्धा आले असतील. कोणी विचारलं नाही की हा माणूस कुठल्या मोर्चात जायचा. हॉलची चावी माझ्याकडे आहे आणि ती मी देणार नाही. तुम्हाला मला क्लासवरून काढायचं असेल तर सोमवारी काढा."

मी फोन ठेवला. नवरा दुसऱ्या खोलीतून म्हणाला, "झालं का मंडळातून राजीनामा देऊन?" मी म्हटलं, राजीनामा त्यांनी द्यावा. मग मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: रविवारी क्लास नाही. माझ्या मैत्रिणीचे वडील वारले. तिच्या माणसांनी तिला वाळीत टाकलंय. समाचाराला या. ते कोण होते हे मला विचारू नका, तिला विचारा, ती सांगेल.

रविवारी मी सकाळीच जाऊन खुर्च्या लावल्या. ती कॉफीचं सगळं सामान घेऊन आली होती: लांब चोचीची पितळी किटली, वेलदोडे, आणि बिनकानाच्या चिमुकल्या कपांचा खोका. सेंटरच्या किचनमध्ये उभी राहून तिने कॉफी उकळली, थर्मासमध्ये भरली, आणि काळा कुर्ता घालून दाराशी उभी राहिली. बराच वेळ कोणीच आलं नाही. रेडिएटर तेवढा टकटक करत होता. मी उगाच खुर्च्या सरळ करत होते, ती मुळीच हलत नव्हती, आणि मला त्या क्षणी त्या अख्ख्या अरब ग्रुपचा आणि आमच्या अख्ख्या मंडळाचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

पहिल्या आल्या त्या काकू. आमच्या मंडळातल्या सगळ्यात वयस्क बाई. आधी हॅरोला राहायच्या, आता इथे मुलाकडे असतात. गुडघे दुखतात, पण अशा ठिकाणी सगळ्यांच्या आधी. "मेलेल्या माणसाचं कसलं गं राजकारण," असं म्हणत त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, आणि तिला मराठीतच सांगितलं, "रड बाई, रडून घे." तिला एक शब्द कळला नसेल, पण तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग एकेक करत लोक आले. क्लासच्या पोरांचे आईबाप, दोन डॉक्टर, फार्मसीतली आमची माणसं. सगळ्यात शेवटी अध्यक्ष आले, मागच्या रांगेत बसले आणि मला म्हणाले, "मी फक्त हॉल नीट आहे ना ते बघायला आलोय." त्यांनी काळा टाय घातला होता.

आपल्या लोकांना गप्प बसवत नाही. थोड्या वेळात प्रश्न सुरू झाले. काकूंनी मला मध्ये घालून विचारलं, "यांच्यात तेरावं करतात का?" ती म्हणाली, आमच्यात तसं नाही, आम्ही मानतो की माणूस मरता क्षणीच त्याचा जीव नव्या बाळात जातो. काकू एकदम खूश झाल्या. "म्हणजे पुनर्जन्म! हे तर आपलंच. मग कुठे जन्मले असतील गं आता?" मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. ती म्हणाली, "जिथे कुठे असतील तिथे पाळण्याजवळ कोणीतरी कागद घेऊन उभं असेल, आणि ते सही करत नसतील." आम्ही हसलो आणि तीही हसली. मग तिने वडिलांबद्दल सांगितलं. दरी, कर्णा, बाग, फोटो, खिळा. काहीही लपवलं नाही. अध्यक्ष मागून पुढच्या रांगेत आले.

कॉफी मात्र मला वाटलं त्यापेक्षा फार खपत होती. लोक दुसऱ्यांदा मागत होते, आणि काकू किचनमध्ये ये-जा करून थर्मास भरत होत्या.

तेवढ्यात दार उघडलं आणि तो आला. पन्नाशीचा माणूस, दाढी नीट कातरलेली, ओव्हरकोट. अरब ग्रुपमधला पहिला आणि एकटाच. ती हळूच मला म्हणाली, "पठाराखालच्या, सीरियातल्या मैदानातला आहे. आमच्या बागेतून त्यांचे दिवे दिसायचे." तो तिच्यासमोर बसला. तिने स्वतः थर्मासमधून कप भरून दिला. त्याने तो घेतला, ओठाला न लावता, शेजारच्या स्टुलावर ठेवला, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

मी अस्वस्थ झाले. पाहुण्याने कप खाली ठेवला की मला राहवत नाही. काहीतरी बिघडलं म्हणून मी थर्मासमधला एक घोट घेऊन पाहिला, तर पाक! किचनमध्ये धावले. "काकू, यात साखर घातलीत?"

"घातली की दोन वाट्या. एवढी कडू जहर कॉफी दुःखातल्या माणसांना द्यायची? आधीच का कमी आहे त्यांना?"

मी कपाळाला हात लावला. त्यांच्यात गोड कॉफी लग्नाची, कडू मयताची, हे तिने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही तासभर तिच्या बापाच्या नावाने लग्नाची कॉफी वाटत होतो, आणि तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. किटलीच्या तळाशी थोडी बिनसाखरेची उरली होती. ती कपात ओतून मी त्याच्यासमोर नेली. "सॉरी, धिस इज द राइट वन. प्लीज, प्लीज." त्याने माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं, कप घेतला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. मी आता तिसरा उपाय शोधायला लागले. चहा देऊ का, पाणी देऊ का. आग्रह करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

तिने माझं मनगट धरलं. "राहू दे. साखरेचा प्रश्न नाही."

"मग?"

"आमच्याकडे आलेला माणूस कॉफी न पिता ठेवतो तेव्हा त्याला काहीतरी मागायचं असतं. घरच्याने विचारायचं. मागणं ऐकल्याशिवाय तो पीत नाही, आणि न पिता गेला तर ते घर कायमचं तुटतं." मग ती त्याच्याकडे वळली आणि अरबीत काहीतरी विचारलं.  तो बोलायला लागला, आणि ती वाक्यावाक्याला थांबून आम्हाला इंग्रजीत सांगत गेली. तिला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी ऐकावं, असं तिलाच वाटत होतं.

"माझ्या धाकट्या भावाला त्या माणसाच्या पोलिसांनी नेलं. तुरुंग उघडले तेव्हा मी आठवडाभर तिथे एकेका कोठडीत शोधत फिरलो. तो सापडला नाही. त्याचं नावही सापडलं नाही. तुझ्या वडिलांनी त्याच माणसाची तसबीर डोक्यावर धरली. बहिणी, मी तुझ्या दुःखाला आलोय, मला यायचंच होतं. पण ही कॉफी माझ्या घशाखाली उतरायची असेल तर तुझे वडील चुकले असं तू इथे म्हण. फोनवर लिहू नकोस. तोंडाने म्हण."

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांना नजरेने बसवलं. पण खरं सांगायचं तर मला त्या माणसाला बाहेर काढावंसं वाटत होतं. बापाला पुरून आठवडा झाला नाही त्या पोरीकडे असलं काही मागायचं? आणि त्याच वेळी त्याचा भाऊ माझ्या मनातून जात नव्हता. माझ्याकडे कोणी असं मागितलं असतं तर मी आरडाओरडा केला असता आणि दोन्ही बाजूंनी हरले असते.

ती उभी राहिली. आधी अरबीत बोलली, मग इंग्रजीत, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा.

"माझे वडील त्या माणसाबद्दल चुकले. त्यांना तुरुंगांबद्दल सांगणारे भेटले होते, मीच सांगितलं होतं, आणि ते शत्रूचा अपप्रचार म्हणाले. ते चुकले. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, आज त्यांच्या पाठीमागेही सांगते. आणि आपल्या मातीवर दुसऱ्याने हक्क सांगितला तेव्हा ते जन्मभर नाही म्हणाले, यात ते चुकले नाहीत. मी त्यांची मुलगी आहे. मला त्यांची लाज वाटत नाही. पहिलं तू मागितलंस म्हणून दिलं. दुसरं कोणी न मागता देतेय."

 काकू माझ्या कानाशी कुजबुजल्या, "काय म्हणाली गं?" मला सांगता येईना, कारण मी रडत होते. मग त्याने कप उचलला, दुसरा, कडू, आता पार गार झालेला, आणि एका घोटात संपवला. तो तिच्याशी दोन वाक्यं बोलला, त्यांच्या रीतीने वडिलांसाठी काही म्हणाला, आणि उठला.

"ते सगळे मला विचारतील तू काय म्हणालीस," दाराशी तो म्हणाला. हे तो इंग्रजीत बोलला, आमच्यासाठीच बहुतेक.

"मग दोन्ही सांग," ती म्हणाली. "अर्धं सांगितलंस तर मी तुझ्या घरी येईन, आणि तुझी कॉफी खाली ठेवीन."

तो पहिल्यांदाच किंचित हसला. तिथेच, दारात उभं राहून, त्याने फोन काढला आणि लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने स्क्रीन तिच्यासमोर धरली. तिने वाचलं, मान हलवली, त्याने आधी वडील चुकले ते पाठवलं, मग ते कशात चुकले नाहीत ते. आम्ही सगळे बघत उभे होतो, जणू काही निकाल लागायचा होता. पहिल्या मेसेजखाली भराभर अंगठे आले. दुसऱ्याखाली एकही आला नाही. मग तिचा फोन वाजला: तिला ग्रुपमधून काढलं होतं. तिने तो मला दाखवला आणि खांदे उडवले.

त्याच्या हातातला फोनही वाजला. त्याने खाली बघितलं. त्यालाही काढलं होतं.

 मग त्याने फोन खिशात घातला, ओव्हरकोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला, आत येऊन तिच्या शेजारी बसला, आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला.